पावतीवरचे दोन शब्द : अंडर प्रोटेस्ट

केळापूर तालुक्याचं मुख्यालय असलेल्या पांढरकवड्यातून नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. रस्ता असो वा कालवा, शेत संपादनात गेलं की मोबदल्याच्या पावतीवर सही करायची वेळ येते. सहीआधी ‘अंडर प्रोटेस्ट’ हे शब्द नीट समजून घ्यावेत.

अर्थ सरळ आहे : पैसे घेतो, पण रक्कम पुरेशी आहे हे मान्य नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ७७ सांगतं की अशी हरकत न नोंदवता रक्कम घेणाऱ्याला कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. म्हणून नुसतं ‘प्रोटेस्ट’ लिहून थांबू नका. हरकत कशाला आहे तेही लिहा : ‘रक्कम अपुरी असल्याची हरकत कायम ठेवून, अंडर प्रोटेस्ट स्वीकारली.’ खाली सही, तारीख. त्या पावतीची प्रत घरी हवीच.

हे शब्द म्हणजे अर्ज नव्हे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या तारखेपासून सहा आठवड्यांत अर्ज द्यावा लागतो. महामार्ग कायद्याखालच्या संपादनात वाट वेगळी आहे. तिथे वाद लवादाकडे जातो. थेट खरेदीत मात्र किंमत तुम्हीच कबूल केलेली असते, तिथे हे शब्द उपयोगाचे नाहीत.

शब्द राहून गेले, पण अर्ज आधीच दिला होता? १९९४ मध्ये अजित सिंग खटल्यात, जुन्या कायद्याखाली, सर्वोच्च न्यायालयाने अर्ज करणं हीच हरकत मानली. तरीही पावतीवर लिहून ठेवलेलं बरं.