शमशाबादचे विमान, उमदानगरची लोकल

हैदराबादच्या हिमायतनगरातून विमान पकडायला जाणे २००८पर्यंत तासाभराचेही काम नव्हते. बेगमपेटचा विमानतळ शहराच्या पोटातच, हुसेनसागराच्या पलीकडे. जवळच बेगमपेटचे रेल्वे स्टेशन, आणि २००३पासून तिथे थांबणारी एमएमटीएस लोकल. २३ मार्च २००८ रोजी प्रवासी विमाने शमशाबादच्या राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर गेली. लोकल मागेच राहिली.

वास्तविक रूळ होते. काचीगुड्याहून महबूबनगरकडे जाणारा लोहमार्ग शमशाबादच्या जवळूनच जातो, आणि काचीगुडा हिमायतनगरच्या शेजारचे. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात, १९१६मध्ये उभ्या राहिलेल्या या स्टेशनातून निघालेली गाडी मलकपेट, याकुतपुरा, फलकनुमा, बुदवेल करत उमदानगरला पोचते. एप्रिल २०२३मध्ये लोकलही तिथवर धावू लागली. पण उमदानगर ते टर्मिनल हे पाच-सहा किलोमीटर उरतातच. गाड्या मोजक्या, आणि आखाती देशांची किंवा युरोपची बरीच विमाने रात्री-पहाटे सुटणारी. दोन जड बॅगा, सोबत म्हातारी आई असताना अशा वेळी तिथे उतरून रिक्षा शोधायला कोण धजावेल? लोक घरूनच टॅक्सी करतात, नाहीतर ‘पुष्पक’ बस धरतात.

मराठवाड्याला हे अंतर जास्त बोचते. नांदेड-परभणीकडच्या माणसाला परदेशी जायचे तर मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. अजिंठा एक्स्प्रेस त्याला सकाळी थेट काचीगुड्याला आणून सोडते. एवढा प्रवास रेल्वेने स्वस्तात होतो आणि शेवटच्या टप्प्याला टॅक्सीचे भाडे मोजावे लागते. सामान चढवणारे, सफाई करणारे, दुकानांतून उभे राहणारे कामगार तर रोज जा-ये करतात. विमानतळाच्या रेल्वेचा विचार करताना फक्त उडणाऱ्यांचा हिशेब मांडणे मुळातच अपुरे आहे.

इतरत्र काय झाले ते पाहा. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर १९५८मध्येच स्टेशन आणि टर्मिनल एकमेकांना जोडून बांधले गेले. चेन्नईत तिरुसुलम हे लोकलचे स्टेशन विमानतळासमोर, रस्ता ओलांडला की झाले. दिल्लीच्या एअरपोर्ट एक्स्प्रेस मार्गावर नवी दिल्ली स्टेशनातच काही विमान कंपन्यांचे सामान जमा करता येते. मुंबईत ऑक्टोबर २०२४पासून भुयारी मेट्रो दोन्ही टर्मिनलांपाशी थांबते. बंगळुरूचा अनुभव मात्र सावध करणारा: जानेवारी २०२१मध्ये विमानतळाच्या हद्दीला लागून थांबा झाला, पण गाड्या थोड्या आणि पुढे पुन्हा बस. स्टेशनला विमानतळाचे नाव दिल्याने अंतर कमी होत नाही.

हैदराबादची आशा आता मेट्रोवर आहे. रायदुर्ग ते विमानतळ अशा ३१ किलोमीटर मार्गाची पायाभरणी ९ डिसेंबर २०२२ रोजी झाली होती. वर्षभराने सरकार बदलले आणि तो आराखडा बाजूला पडला. नव्या आराखड्यात नागोलहून एल. बी. नगर, चांद्रायणगुट्टा, मैलारदेवपल्लीमार्गे विमानतळापर्यंत ३६.८ किलोमीटर आहेत, आणि महात्मा गांधी बसस्थानकापासून जुन्या शहरातून चांद्रायणगुट्ट्यापर्यंत साडेसात. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये त्याला मंजुरी दिली. हा मार्ग खरोखर बांधला गेला, तर हिमायतनगरचा प्रवासी जवळच्या नारायणगुड्याला मेट्रोत चढेल, चांद्रायणगुट्ट्याला गाडी बदलेल आणि टर्मिनलपाशीच उतरेल.