यंत्र-कारकून कां थांबला?



शाळेची नोकरी संपून मला कांहीं वर्षें झालीं; पण रोज सकाळीं पर्जन्यमापकांतील पाणी मोजण्याचा नेम सुटलेला नाहीं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें या कामाला नव्या युगाची जोड दिली. मीं संगणकावरील वहींत आंकडा भरावा, आणि सायंकाळीं यंत्रानें आपण होऊन तो उचलून पावसाचा तक्ता नवा करावा, अशी ती योजना. 2024 सालच्या जूनमध्यें पहिला चांगला पाऊस झाला. मीं आंकडा भरला. तक्त्यांत जूनचा रकाना मात्र कोराच राहिला. शहरांत राहून गांवची शेती पाहणाऱ्या एका गृहस्थांनीं त्या तक्त्यावर विसंबून येणें लांबविलें, आणि त्यांचा पेरणीचा वाफसा हुकला. तेव्हां दोष शोधतांना जें शिकलों, तें आज आपणांस सांगतों.

प्रथम रचना पाहूं. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं 2005 सालीं ‘गिट’ नांवाची पद्धति निर्माण केली. तींत प्रत्येक फेरफाराची नोंद होते. तिला ‘कमिट’ म्हणतात. नोंदींसह सर्व फाइली जेथें राहतात तें भांडार, म्हणजे ‘रिपॉझिटरी’. आणि आपली नोंद भांडारांत पाठविणें म्हणजे ‘पुश’. ‘गिटहब’ या ठिकाणीं अशा भांडारांसाठीं ‘अॅक्शन्स’ नांवाची सोय 2019 पासून सर्वांस खुली आहे. ठरल्या वेळीं एक तात्पुरतें यंत्र उभें राहतें, भांडाराची प्रत घेतें, नेमून दिलेलें काम करतें, नोंद परत पाठवितें आणि नाहींसें होतें. रोजंदारीवरील कारकूनच म्हणा ना!

हा कारकून चुकला म्हणजे क्रमानें प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न : तो कामावर आला होता काय? वेळापत्रकांतील वेळ, निराळें न सांगितल्यास, जागतिक प्रमाणवेळेची धरतात. आपली घड्याळें तिच्यापुढें साडेपांच तास. म्हणून सायंकाळचे सहा हवे असल्यास तेथें साडेबारा लिहावे लागतात. शिवाय तासाच्या ठोक्याला गर्दी होऊन काम रेंगाळूं शकतें. कांहीं मिनिटें पुढची वेळ घ्यावी.

दुसरा प्रश्न : आला, तर कोणत्या पायरीवर अडला? प्रत्येक फेरीची रोजनिशी, म्हणजे ‘लॉग’, ठेवलेली असते. तींतील शेवटची ओळ पाहून तर्क लढवूं नये. पहिली चूक कोठें झाली तें शोधावें. पुढच्या पुष्कळ चुका तिचीच पिलावळ असतात.

तेथें 403 हा आंकडा दिसल्यास बहुधा परवानगीचा प्रश्न समजावा. फेब्रुवारी 2023 पासून नव्या भांडारांत कारकुनाला मूळचा अधिकार केवळ वाचण्याचा मिळतो. लिहिण्याचा अधिकार ‘कन्टेन्ट्स’ या शब्दापुढें ‘राइट’ लिहून, आणि तोही त्याच कामापुरता द्यावा. घाईनें स्वतःची खासगी किल्ली फाइलींत लिहून ठेवणें म्हणजे घराची चावी दाराला टांगणें होय.

नोंद ‘रिजेक्टेड’ म्हणून परत आली, तर यंत्रानें प्रत घेतल्यानंतर दुसऱ्या कोणी भांडारांत लिहिलें असावें. अशा वेळीं बळजबरीचा पुश करूं नये. त्यानें दुसऱ्याचें काम पुसलें जातें. ताजी प्रत आणून तिच्यावर आपली नोंद चढवावी.

कधीं कधीं फाइलींत कांहींच बदललेलें नसतें. कोरी नोंद करण्यास गिट नकार देतें, आणि निर्दोष फेरीवर तांबडी फुली उमटते. म्हणून बदल झाला आहे काय, हें आधीं तपासावयास लावावें.

आणखी एक चकवा आहे. कारकुनानें आपल्या नेहमींच्या किल्लीनें नोंद पाठविली, तर त्या नोंदीमुळें दुसरें स्वयंचलित काम सुरू होत नाहीं. एकानें दुसऱ्यास उठवावें, दुसऱ्यानें पहिल्यास, असें चक्र अखंड फिरूं नये म्हणून ही योजना मुद्दाम केलेली आहे. दुसरें काम हवें असल्यास त्यास स्पष्ट हांक द्यावी लागते.

आतां आमचा दोष. सार्वजनिक भांडारांत 60 दिवस कांहीं हालचाल झाली नाहीं, तर वेळापत्रकावरील काम आपोआप बंद करण्यांत येतें. आमच्या तक्त्यांत केवळ पावसाच्या दिवसांची नोंद होई. उन्हाळाभर पाऊस नाहीं, म्हणून नोंद नाहीं; नोंद नाहीं, म्हणून कारकून घरीं. तांबडी फुलीही दिसली नाहीं, कारण फेरीच झाली नव्हती. नियम लिहिलेला होता. आम्हींच वाचला नव्हता. काम पुन्हां चालू करण्यास एक कळ पुरली. पण गेलेला वाफसा कोणत्या कळीनें परत येणार?

कोरा रकाना दोन गोष्टी सांगतो : पाऊस पडला नाहीं, किंवा कोणी पाहिलेंच नाहीं. वाचणाऱ्यास हा भेद कळला पाहिजे. म्हणून आतां आमच्या तक्त्याच्या माथ्यावर ‘शेवटची तपासणी’ आणि तिची तारीख असते. आणि मृगापूर्वीं मी स्वतः एकदां कारकुनाची हजेरी घेतों. यंत्रावर काम सोंपवावें. लक्ष मात्र सोंपवूं नये.