आपत्तीनंतरचे बालपण आणि आपले दान

भूकंप, महापूर वा त्सुनामी यांसारखी नैसर्गिक आपत्ती कोसळली की आपल्या धर्मग्रामांत मदतीचा ओघ सुरू होतो. रविवारच्या मिस्साबलीत विशेष दान गोळा केले जाते, युवक घरोघरी फिरतात, कपड्यांचे गठ्ठे बांधले जातात. ही तत्परता निश्चितच स्तुत्य आहे. मात्र आपत्तीत सापडलेल्या मुलांचा विचार करू लागलो, की एक प्रश्न उभा राहतो. मूल सावरते म्हणजे नेमके काय होते, आणि त्यासाठी आपले दान कोणत्या हाती सोपवावे?

किल्लारीने दिलेला धडा

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून परतलेली माणसे गाढ झोपेत असताना दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे धाबे त्यांच्यावर कोसळले. सुमारे १०,००० माणसे दगावली. अनेक मुले एका रात्रीत पोरकी झाली.

त्यानंतर जे कार्य उभे राहिले त्यातील दोन उदाहरणे आजही मार्गदर्शक ठरावीत. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे वाघोली येथील त्याच शैक्षणिक संकुलात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील व मेळघाटातील आदिवासी मुलांनाही आधार मिळाला. दुसरीकडे, राष्ट्र सेवा दलाच्या परिवारातील पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ हा प्रकल्प सुरू झाला. तेथे मुले आपल्याच मुलखात, आपल्याच बोलीत वाढू शकली. दोन्ही वाटा निराळ्या. परंतु दोन्हींत एक गोष्ट समान आहे. मदतीचे ट्रक परतल्यावरही ही माणसे मुलांसोबत राहिली. सहा वर्षांच्या मुलाला पायावर उभे राहण्यास किमान बारा-पंधरा वर्षे लागतात. आपला उत्साह मात्र बहुधा पंधरवड्यात ओसरतो.

मूल कसे सावरते?

आपत्तीनंतर काही मुले अबोल होतात, काही रात्री दचकून उठतात, तर काही आईचा पदर सोडावयास तयार होत नाहीत. भयंकर अनुभवाला मनाने दिलेला हा स्वाभाविक प्रतिसाद असतो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था व स्वयंसेवी संघटना यांनी २००७ साली आपत्तीतील मानसिक आरोग्याविषयी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा आशय असा, की आधी सर्वांना सुरक्षितता व मूलभूत गरजांची हमी मिळावी, मग कुटुंबाचा व समाजाचा आधार पुन्हा उभा राहावा. तज्ज्ञांच्या उपचारांची गरज तुलनेने थोड्यांनाच भासते.

म्हणूनच निवाऱ्याच्या छावणीत मुलांसाठी राखून ठेवलेली सुरक्षित जागा, तेथील खेळ, गाणी, चित्रकला आणि लवकरात लवकर सुरू झालेली शाळा यांचे मोल औषधाइतकेच आहे. रोज ठरलेल्या वेळी घंटा वाजते, गुरुजी हजेरी घेतात, शेजारी मित्र बसतो. यातून मुलाला हळूहळू उमगते, की जग पूर्णपणे कोसळलेले नाही.

अनाथालय हा पहिला नव्हे, शेवटचा पर्याय

‘आपत्तीतील मूल म्हणजे अनाथ मूल’ असा आपला समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातील आचे प्रांतात बालगृहांत दाखल झालेल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. गरिबीमुळे आणि शिक्षणाच्या आशेने कुटुंबांनीच त्यांना तेथे ठेवले होते. अशा वेळी त्या आईला रोजगार व निवारा मिळवून दिला, तर मूल घरीच वाढू शकते. एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने पालकांविना मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबविली. मदतीच्या नावाखाली मुलांची तस्करी होऊ नये, हाच त्यामागील हेतू होता.

आपल्या देशात अशा मुलाचा निर्णय २०१५च्या बाल न्याय कायद्यान्वये जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे होतो. एकटे मूल आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. दयेपोटीही त्याला परस्पर कोणाच्या घरी सोपवू नये.

संस्था कशी पारखावी?

दान देण्यापूर्वी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे किंवा अन्य योग्य कायद्याखाली नोंदलेली आहे काय? तिचे लेखापरीक्षित हिशेब पाहावयास मिळतात काय?

२. मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्थेची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे काय?

३. मुलांच्या सुरक्षेचे लेखी धोरण आहे काय? कर्मचाऱ्यांची पूर्वचौकशी होते काय? मुलाला तक्रार कोणाकडे करता येते?

४. हयात नातेवाइकांचा शोध घेऊन मुलाला कुटुंबात परत पाठविण्याचा प्रयत्न होतो काय?

५. रडणाऱ्या मुलांची छायाचित्रे व नावे छापून निधी मागितला जातो काय? तसे असेल तर सावध व्हावे. मुलाची प्रतिष्ठा ही जाहिरातीची सामग्री नव्हे.

हे प्रश्न आपल्या धर्मप्रांतातील व धर्मसंघांच्या संस्थांनाही विचारावेत. झगा पाहून प्रश्न गिळणे ही श्रद्धा नव्हे. प्रामाणिक संस्थेला अशा चौकशीने अपमान वाटत नाही. उलट तिचे बळ वाढते.

दान कसे द्यावे?

२६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, त्सुनामीने वेलांकण्णीच्या भाविकांसह एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात ६,०००हून अधिक बळी घेतले. त्यानंतर तेथे देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. यावरून बोध घ्यावा. संस्थेने मागितलेली वस्तूच पाठवावी. अन्यथा पैसे द्यावेत, म्हणजे गरजेची वस्तू तेथेच विकत घेता येते आणि स्थानिक दुकानदारही सावरतो. १९६२ साली स्थापन झालेली कारितास इंडिया ही भारतीय कॅथलिक महागुरूंची सेवासंस्था धर्मप्रांतांच्या समाजसेवा केंद्रांमार्फत कार्य करते. तो मार्ग आपल्या परिचयाचा आहे.

शक्य असल्यास एकरकमी दानाऐवजी दरमहा लहान रक्कम काही वर्षे द्यावी. एखाद्या धर्मग्रामाने एका शाळेची वा वसतिगृहाची जबाबदारी पाच वर्षांसाठी स्वीकारली, दरवर्षी हिशेब मागविला आणि तो सर्वांसमोर वाचून दाखविला, तर ते दान खऱ्या अर्थाने फलदायी ठरेल.

वर्तमानपत्रांतून आपत्तीची बातमी नाहीशी होते, तेव्हा छावणीतील मुलाची शाळा जेमतेम सुरू झालेली असते. आपल्या मदतीची खरी वेळ तीच आहे.