विश्लेषण : सोळा मीटरची भट्टी दोन मीटरांत कशी मावते? नवी मुंबईतील गाळ्यांना ‘उभ्या ओव्हन’चा किती उपयोग?

मोबाइलचा चार्जर असो, घरातला विजेचा मीटर असो की इलेक्ट्रिक स्कूटरचा कंट्रोलर. प्रत्येकाच्या आत एक चपटी, बहुधा हिरव्या रंगाची पाटी असते. हाच पीसीबी, म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड. ग्राहकाच्या हातात वस्तू येण्याआधी ही पाटी भट्टीतून जाते; एकदा नव्हे, अनेकदा दोन-तीन वेळा. ही भट्टी कारखान्यातील सर्वाधिक जागा आणि वीज खाणाऱ्या यंत्रांपैकी एक असते. महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातील गाळ्यांमध्ये जागा हीच सर्वांत महाग वस्तू असल्याने लांबीऐवजी उंची वापरणारे ‘उभे ओव्हन’ महत्त्वाचे ठरतात. ते काम कसे करतात, कोणाला परवडतात आणि कुठे अडतात, याविषयी.

पाट्या भट्टीत का घालतात?

कारणे मुख्यतः तीन. पहिले, सोल्डरिंग. पाटीवर सोल्डर पेस्टचा पातळ थर छापला जातो, यंत्र त्यावर सुटे भाग ठेवते आणि पाटी ‘रिफ्लो ओव्हन’मधून जाते. उष्णतेने पेस्ट वितळते आणि थंड होताना भाग पक्के बसतात. जुन्या कथिल-शिशाच्या मिश्रणाचा वितळणबिंदू १८३ अंश सेल्सिअस होता. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आणले. भारतातही ई-कचरा नियमांनी शिशाचे प्रमाण ०.१ टक्क्यापर्यंत मर्यादित केले. आता सर्रास वापरले जाणारे कथिल, चांदी आणि तांब्याचे मिश्रण २१७ अंशांच्या पुढे वितळते. त्यामुळे भट्टीतील कमाल तापमान २३५ ते २५० अंशांपर्यंत न्यावे लागते.

दुसरे कारण म्हणजे ‘क्युरिंग’. चिपखाली भरलेले इपॉक्सी, भाग चिकटवणारा गोंद किंवा ओलाव्यापासून वाचवणारा लेप उष्णतेने घट्ट करावा लागतो. येथे तापमान कमी, पण वेळ जास्त. अनेक इपॉक्सींना १२५ ते १५० अंशांवर अर्धा ते एक तास लागतो.

तिसरे कारण ‘बेकिंग’, म्हणजे सुट्या भागांत मुरलेली आर्द्रता काढणे. कोकण किनाऱ्यावरच्या कारखान्यांसाठी हे कारण विशेष महत्त्वाचे आहे.

मग जागेचा प्रश्न कुठे येतो?

साधा हिशेब करून पाहता येईल. समजा, एका लाइनवर दर ४० सेकंदांनी एक पाटी तयार होते. पाटीची लांबी ३० सेंटीमीटर आणि दोन पाट्यांमध्ये पाच सेंटीमीटर अंतर. रिफ्लोमध्ये पाटी साधारण पाच मिनिटे तापते. म्हणजे एका वेळी सात-आठ पाट्या आत असतात आणि त्यांना अडीच-पावणेतीन मीटर लांबीचा तापलेला बोगदा पुरतो. थंड होण्याचा भाग आणि दोन्हीकडची तोंडे धरून यंत्र चार-पाच मीटरचे होते. इथवर ठीक.

आता त्याच लाइनला अर्ध्या तासाचे क्युरिंग जोडले तर? अर्ध्या तासात ४५ पाट्या आत जातात. त्या एकामागे एक ठेवल्या, तर सुमारे १६ मीटर लांबीचा बोगदा लागेल. अनेक लहान गाळ्यांची एकूण लांबीही तेवढी नसते.

त्याच ४५ पाट्या एकावर एक, चार सेंटीमीटर अंतराने रचल्या तर उंची होते १८० सेंटीमीटर. त्यांचे दोन स्तंभ केले, एक वर जाणारा आणि दुसरा खाली येणारा, तर प्रत्येकी मीटरभरही उंची लागत नाही. पाट्या बदललेल्या नाहीत, वेळ बदललेला नाही. फक्त दिशा बदलली. एका तव्यावर एका वेळी एकच डोसा होतो, पण तेवढ्याच शेगडीवर इडलीपात्रात चार थाळ्या चढतात. उभ्या ओव्हनचे तत्त्व तेच.

हे ओव्हन चालते कसे?

पाटी एका बाजूने पट्ट्यावरून आत येते. आत साखळीला बसवलेल्या आडव्या खोबणींची शिडी असते. पाटी खोबणीत सरकली की शिडी एक पायरी वर चढते आणि पुढच्या पाटीला जागा होते. माथ्यावर पोहोचल्यावर पाटी शेजारच्या स्तंभात ढकलली जाते आणि पायरी पायरीने खाली उतरते. दुसऱ्या बाजूने ती बाहेर पडते, तोवर तिचा ठरलेला वेळ भरलेला असतो.

यातील कळीचा मुद्दा हवेचा. गरम हवा वर चढते, त्यामुळे उभ्या पेटीत वरचा भाग जास्त तापण्याची प्रवृत्ती असते. तसे झाले तर तळाजवळचे इपॉक्सी कच्चे राहील आणि माथ्याजवळचे जळेल. म्हणून बाजूच्या भिंतींतून पंख्यांनी आडवी हवा फिरवली जाते आणि प्रत्येक पातळीवर स्वतंत्र तापमापक बसवतात. शिवाय आत-बाहेर जाण्याची तोंडे अरुंद असल्याने आणि पेटीचा बाह्य पृष्ठभाग लांब बोगद्यापेक्षा कमी असल्याने उष्णता कमी वाया जाते. कामगारांच्या अंगावर येणारी धगही घटते.

मग रिफ्लोही उभ्या ओव्हनमध्येच का करत नाहीत?

कारण रिफ्लोला एकच तापमान चालत नाही. आधी हळूहळू चढ, मग १५० ते २०० अंशांच्या दरम्यान थोडा ठहराव, नंतर २१७ च्या वर साधारण एक ते दीड मिनिट आणि लगेच थंडावा, असा आलेख सांभाळावा लागतो. त्यासाठी आडव्या बोगद्यात आठ-दहा वेगळे कप्पे सोयीचे पडतात. शिवाय सोल्डर वितळलेले असताना पाटीला धक्का लागला तर भाग सरकतात. पायरी पायरीने चढणाऱ्या शिडीत तो धोका जास्त. म्हणून बहुतेक ठिकाणी रिफ्लो आडवे आणि क्युरिंग उभे अशी वाटणी दिसते.

साधे कपाट-ओव्हन का पुरत नाही?

लहान उद्योगांत आजही ट्रे ठेवण्याचे कपाट-ओव्हनच जास्त वापरात आहेत. ते स्वस्त असतात, कोपऱ्यात मावतात आणि शेकडो पाट्या एका वेळी घेतात. अडचण वेगळीच असते. ट्रे भरेपर्यंत पाट्या थांबून राहतात, दार उघडले की तापमान कोसळते आणि प्रत्येक पाटीला हात लागतो. हात लागला की स्थिर विजेचा आणि ओरखड्यांचा धोका आला. वाहन किंवा वैद्यकीय उपकरणांचे ग्राहक प्रत्येक पाटीच्या तापमानाची आणि वेळेची नोंद मागतात. कपाटात ती पाटीनिहाय ठेवणे कठीण जाते. उभ्या ओव्हनमध्ये पाटीवरचा बारकोड वाचून ही नोंद आपोआप होऊ शकते. म्हणजे प्रश्न केवळ जागेचा नाही, तर कोणत्या दर्जाची ऑर्डर घेता येईल याचा आहे.

नवी मुंबईच्या संदर्भात हे महत्त्वाचे का?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची टीटीसी औद्योगिक वसाहत ही एकेकाळी रसायन कारखान्यांसाठी ओळखली जाई. महापे येथे ‘एमआयडीसी’ने इलेक्ट्रॉनिक्ससाठी स्वतंत्र विभाग राखला आणि लहान उद्योजकांसाठी ‘इलेक्ट्रॉनिक सदन’सारख्या गाळ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. अंधेरीच्या सीप्झमध्ये १९७३ पासून निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन सुरू झाले होते. खाडीपलीकडचा हा पट्टा देशांतर्गत मागणीवरही वाढला. गेल्या दोन दशकांत मात्र याच पट्ट्यात आयटी पार्क आणि डेटा सेंटर आले आणि भूखंडांना मोठी मागणी निर्माण झाली. शेजारचा गाळा घेऊन विस्तार करणे लहान उद्योजकाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागले.

दुसरीकडे कामाच्या संधी वाढत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये महापे येथे आरआरपी इलेक्ट्रॉनिक्सच्या सेमीकंडक्टर जुळणी व चाचणी प्रकल्पाचे उद्घाटन तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. चिपच्या जुळणीत तर भट्टीचे काम आणखी जास्त : चिप चिकटवणारा गोंद सुकवणे, वरचे प्लास्टिक कवच काही तास साधारण १७५ अंशांवर पक्के करणे वगैरे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ मार्च २०२५ रोजी २२,९१९ कोटी रुपयांची इलेक्ट्रॉनिक सुटे भाग उत्पादन योजना मंजूर केली. त्यात पीसीबीबरोबरच इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनासाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीचाही समावेश आहे. आज रिफ्लो आणि क्युरिंगची नावाजलेली यंत्रे प्रामुख्याने अमेरिका, जर्मनी, जपान आणि चीनमधून येतात.

पावसाळ्याचा काय संबंध?

चिपचे प्लास्टिक कवच हवेतील ओलावा शोषते. अशी चिप थेट २४० अंशांत गेली की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि कवच आतून फुटते. कारखान्यात याला ‘पॉपकॉर्निंग’ म्हणतात. तडा बाहेरून दिसतोच असे नाही. वस्तू काही महिन्यांनी ग्राहकाच्या घरात बंद पडते.

म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांनी चिपच्या ओलावा-संवेदनशीलतेचे स्तर ठरवले आहेत. तिसऱ्या स्तरातील चिप पाकीट उघडल्यावर १६८ तासांत वापरावी लागते, पण ही मुदत ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता गृहीत धरून दिलेली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबईच्या बाहेरील हवेत आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या पुढे असते. वातानुकूलन कमी पडले तर मुदत लवकर संपते आणि चिप १२५ अंशांवर कित्येक तास भाजावी लागते. प्लास्टिकच्या रिळावर गुंडाळलेले भाग एवढी उष्णता सोसत नाहीत. ते ४० अंशांवर अनेक दिवस ठेवावे लागतात. हे काम उभ्या ओव्हनचे नाही; त्यासाठी बेकिंगचे कपाट आणि कोरड्या हवेची कपाटे वेगळी लागतात. जागेचा आराखडा करताना अनेकदा नेमके हेच विसरले जाते.

उभ्या ओव्हनच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा छताची. जमीन वाचते, पण उंची लागते. बहुमजली इमारतीतील गाळ्यात वातानुकूलनाच्या नळ्या, तुळया आणि दिवे वजा जाता किती उंची उरते, हे आधी मोजावे लागते. वर पंखे आणि मोटरच्या दुरुस्तीसाठीही जागा सोडावी लागते.

दुसरी मर्यादा वजनाची. लांब यंत्राचे वजन पसरते, उभ्या यंत्राचे एकाच ठिकाणी पडते. वरच्या मजल्यावर बसवण्यापूर्वी स्लॅबची क्षमता स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासून घेणे आवश्यक ठरते. यंत्र मालवाहू लिफ्टमध्ये मावते का, हाही प्रश्न असतोच.

तिसरी अडचण बिघाडाची. शिडीत एक पाटी अडकली तर आतल्या सर्वच पाट्या अडकतात. वीज गेली तर हीटर बंद पडले तरी पाट्या बाहेर काढता याव्यात, यासाठी किमान साखळीच्या मोटरला यूपीएस जोडण्याची पद्धत आहे.

चौथा मुद्दा सुरक्षेचा. काही लेपांत ज्वलनशील द्रावक असतात. बंद, तापलेल्या पेटीत त्यांची वाफ साठू देणे धोकादायक असते. त्यामुळे धूर आणि वाफ बाहेर नेणारी नळी थेट छतापर्यंत हवी, खिडकीपर्यंत नव्हे.

मग निर्णय कसा घ्यावा?

सूत्र सोपे आहे. दिवसाला काहीशे पाट्या आणि वारंवार बदलणारे डिझाइन असेल, तर कपाट-ओव्हन पुरते. एकाच प्रकारच्या पाट्या सतत निघत असतील आणि क्युरिंगची वेळ दहा-पंधरा मिनिटांहून जास्त असेल, तर उभे ओव्हन जागेचे पैसे वसूल करून देऊ शकते. क्युरिंग दोन-तीन मिनिटांचेच असेल, तर आडवा बोगदाच स्वस्त पडतो. आणखी एक मार्ग गोंदाचा : कमी वेळात घट्ट होणारे इपॉक्सी निवडले, तर भट्टीच लहान होते. म्हणून यंत्राची किंमत विचारण्याआधी गोंदाच्या माहितीपत्रकावर तापमान आणि वेळ काय लिहिली आहे, ते पाहणे शहाणपणाचे. गाळ्याचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते, त्यामुळे हिशेब यंत्राच्या किमतीवर न थांबता जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटामागे किती पाट्या निघतात, इथपर्यंत न्यावा लागतो.