गाडी बंद पडते, पण दोष कुठे असतो?

जुन्या मोटारसायकलीला नवा रंग देणे सोपे, ती रस्त्यावर चालती ठेवणे अवघड. आमच्या घरच्या येझदीने हा धडा शिकवला. ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी आहे त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून तो येथे सांगतो.

1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या आसपासची कितीतरी माणसे तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागली. आमचे वडील तिथेच एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. पहिली पाळी चुकू नये म्हणून त्यांनी जुनी येझदी घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावाची ही 250 सीसी, टू-स्ट्रोक गाडी. किक आणि गिअर एकाच दांडीने! 1961 पासून गाड्या बनवणारी ही कंपनी 1996 साली बंद पडली. आमची गाडीही पुढे पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात राहिली. वडील निवृत्त झाल्यावर मी ती खोलली, सांगाड्याला पावडर कोटिंग केले आणि पुन्हा उभी केली.

पहिल्याच दिवशी वडिलांना मागे बसवून निघालो. नगर नाक्यापुढे एका खड्ड्यात आदळलो आणि गाडी बंद! ढकलत घरी आणली. मग प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, कॉइलसुद्धा नवी घातली. दोष जागेवरच. "डायनमोच बदला," असा सल्ला मिळाला. तेवढे पैसे मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते. वडील म्हणाले, "आधी दोष शोध, मग खिशात हात घाल."

आम्ही बापलेक क्रमाने तपासायला बसलो.

पहिला प्रश्न : पेट्रोल नाही की ठिणगी नाही? किक मारून प्लग काढला. तो ओला होता, म्हणजे पेट्रोल येत होते. प्लग टोपीत घालून त्याचे लोखंड इंजिनला टेकवले आणि किक मारली. ठिणगी पिवळी, अशक्त. ही तपासणी करताना सांडलेले पेट्रोल आधी पुसावे आणि प्लग त्याच्या छिद्रापासून दूर धरावा, नाहीतर भडका उडेल.

दुसरे, पॉइंट. फट फीलर गेजने मोजली, 0.4 मिलिमीटर, बरोबर. पॉइंटवर तेलाचा थर असेल तर ठिणगी मरते. पॉइंट उघडताना तिथेच मोठी ठिणगी उडत असेल आणि ते काळे पडत असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. आमचे दोन्ही ठीक होते.

तिसरे, बॅटरी. सहा व्होल्टची, भरलेली.

मग वडिलांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या खांबाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावायला सांगितले. चावी चालू, पॉइंट मिटलेले. काटा जवळजवळ शून्यावर हवा होता. तो दीड व्होल्टवर गेला! सहापैकी दीड व्होल्ट, म्हणजे पाव ताकद, वाटेतच जिरत होती. अर्थिंगचा बोल्ट मीच चढवलेल्या पावडर कोटिंगवर आवळला होता. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम काम चालत होते, धक्का बसला की तेही तुटे.

बोल्टखालचा रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, वरून थोडे ग्रीस लावले. इंजिनपासून बॅटरीपर्यंत एक जाड वायर वेगळी टाकली. ठिणगी निळी, कडक झाली. खर्च वायरचा आणि वॉशरचा.

तपासणी झाली की चावी बंद करायला मात्र विसरू नका. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

त्या संध्याकाळी वडिलांनी स्वतः किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी बोलू लागली. या वेळी मी मागे बसलो. मुलीची फी वेळेवर भरली गेली.