पाणी भरलं की मिथेन सुटतो, मग दलदल कोरडीच बरी?

पीटच्या दलदलीत पुन्हा पाणी भरलं तर मिथेन सुटतो, म्हणून ती कोरडीच ठेवावी, असं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. यातला पहिला भाग खरा आहे. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हजारो वर्षांत साचलेला थर. पाण्याखाली प्राणवायू पोचत नाही, म्हणून कुजणं रखडतं. चर खणून पाणी काढलं की हवा आत शिरते आणि सूक्ष्मजीव त्या साठ्याचा कार्बन डायऑक्साइड करू लागतात. थर संपेपर्यंत हे वर्षानुवर्षं चालतं. जर्मनीत अशा ९० टक्क्यांहून अधिक जमिनी कोरड्या केल्या गेल्या. देशाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ७ टक्के त्यांतून निघतात! ‘कोरडीच बरी’ म्हणणारे हा आकडा कधी सांगत नाहीत.

पाणी परतलं की मिथेन बनवणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव कामाला लागतात. बुडालेलं गवत कुजत असताना सुरुवातीची काही वर्षं मिथेन बराच वाढू शकतो. पण हवेतला मिथेन साधारण १२ वर्षांत विरतो, कार्बन डायऑक्साइड मात्र साचतच जातो. आन्के ग्युन्थर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये हाच हिशेब मांडला: मिथेन धरूनही लवकर पाणी भरल्यास तापमानवाढ कमी होते, उशीर केल्यास नुकसान वाढतं.

शिवाय मिथेन खाणारे जीवाणूही तिथेच असतात, हे कुणी लक्षातच घेत नाही. ते वरच्या, थोडी हवा असलेल्या थरात राहतात, अगदी स्फॅग्नम शेवाळाच्या पेशींतही. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शेवाळ वापरतं, हे २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं आहे. म्हणून पाणी पृष्ठभागाच्या जरा खाली ठेवायचं असतं, तळं करायचं नसतं.

पाणी भरलं की काम संपलं? नाही, शेवाळ आणि सूक्ष्मजीव स्थिरावायला वर्षं लागतात.

पीट फक्त थंड देशांत? इंडोनेशियात आणि काँगोच्या खोऱ्यातही प्रचंड साठे आहेत.

कुंडीत घालतात ते कोकोपीट म्हणजे पीट? नाही, तो नारळाच्या सोडणाचा भुसा. पण ‘पीट मॉस’ लिहिलेली पिशवी खऱ्या दलदलीतूनच येते. कुंडीसाठी माती घेताना तेवढं वाचून घ्या आणि कोकोपीट किंवा कंपोस्ट निवडा.