गाडी कुणाचं ऐकते?

घरात एकसारख्या दोन रिमोटच्या गाड्या आल्या, की एक गंमत हमखास होते. ताई बटण दाबते ते स्वतःच्या गाडीसाठी, आणि पळत सुटते दादाची! मग भांडण ठरलेलं. पण दोष दोघांचाही नसतो. गाडीच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. बहुधा ‘२७ मेगाहर्ट्झ’ असं छापलेलं सापडेल. म्हणजे रिमोटमधून निघणारी रेडिओलहर सेकंदाला २ कोटी ७० लाख वेळा कंप पावते, आणि गाडीतला रिसीव्हर त्याच लहरीकडे कान लावून बसलेला असतो. निरोप येतो तो एवढाच : ‘पुढे चल.’ कुणी चालायचं, ते त्यात नसतंच. मग ज्या गाडीला ऐकू येईल ती चालते.

मॉडेल विमानं उडवणाऱ्या मोठ्या माणसांना हाच घोळ फार महागात पडायचा. दोघांची लहर एक निघाली, की विमान कोसळलंच म्हणून समजा. म्हणून रिमोट आणि विमान यांत लहर ठरवणारे स्फटिक जोडीजोडीने बसवायचे आणि प्रत्येकाने आपली लहर वेगळी ठेवायची. कित्येक मैदानांवर एक फळा असायचा. त्यावर लहरीचा चिमटा लावल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय रिमोट चालू करायला सक्त मनाई! तीच लहर दुसरा कुणी वापरत असेल, तर आपण बसून राहायचं.

२००५च्या आसपास २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले आणि फळ्याचं काम संपत गेलं. या रिमोटना स्वतःचा एक क्रमांक असतो, कारखान्यातच दिलेला. वर्गात बाईंनी ‘सतरा’ म्हटलं, की फक्त सतरा नंबरवाला ‘हजर’ म्हणतो ना, तसंच. मात्र कोणत्या क्रमांकाचं ऐकायचं, हे रिसीव्हरला एकदा सांगावं लागतं. त्यालाच बाइंडिंग म्हणतात.

ते बघायला मोठी मजा येते. बऱ्याच गाड्यांत रिसीव्हरचं छोटं बटण दाबून ठेवून वीज सुरू करायची. त्याचा दिवा भराभर लुकलुकू लागतो. म्हणजे तो म्हणतोय, ‘माझा मालक कोण?’ आता रिमोटही बाइंडिंगला लावायचा. रिमोट आपला क्रमांक हवेत सोडतो, रिसीव्हर तो टिपून घेतो. दिवा स्थिर झाला, की जमलं! हा क्रमांक ज्या स्मृतीत जातो, ती बॅटरी काढली तरी पुसली जात नाही. पण त्याच गाडीला दुसरा रिमोट जोडलात, तर बहुतेक रिसीव्हर पहिल्याला साफ विसरतात.

आता एक शंका तुम्ही काढणारच. घरातलं वायफाय याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ब्लूटूथही याच पट्ट्यात. एवढ्या गर्दीत निरोप पोचतो कसा? तर अनेक रिमोट एका लहरीवर थांबतच नाहीत. या लहरीवरून त्या लहरीवर सतत उड्या मारतात. उड्यांचा क्रम रिसीव्हरलाही ठाऊक असतो, म्हणून तोही बरोबर उडत राहतो. एखाद्या ठिकाणी गोंगाट असला, तर पुढच्या उडीत निरोप मिळतो.

उड्या मारण्याची ही युक्ती बरीच जुनी आहे. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ साली तिचं पेटंट मिळवलं. शत्रूला पाणतीराच्या रेडिओ-निरोपात ढवळाढवळ करता येऊ नये, हा त्यांचा हेतू. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, ८८ लहरी त्यांनी सुचवल्या होत्या. अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धात ही युक्ती वापरली नाही. मला विचाराल तर तोटा नौदलाचाच झाला!

आणखी एक गोष्ट मात्र नक्की तपासा. रिमोटची बॅटरी संपली किंवा गाडी फार लांब गेली, तर काय करायचं, हेही रिसीव्हरला माहीत असावं लागतं. याला फेलसेफ म्हणतात. मोठ्या माणसाला सोबत घ्या. गाडी विटेवर अशी ठेवा, की चाकं अधांतरी राहतील. बोटं लांब ठेवून थोडा वेग द्या आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. थांबली नाहीत, तर फेलसेफ नीट लावून होईपर्यंत ती गाडी अंगणात सोडू नका.